पूर्ण व्हॉल्व्ह अँप की हायब्रिड? आधी पाहा, व्हॉल्व्ह बसवलाय कुठे

फेंडरच्या ‘६५ डीलक्स रिव्हर्ब’ या गिटार अँप्लिफायरची मागची बाजू पाहिली की नऊ व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या, रांगेत लटकलेल्या दिसतात. उचलायला गेलं की १९ किलो हाताला लागतात. ऑरेंजच्या मायक्रो टेररवर एकच व्हॉल्व्ह असतो आणि अख्खा हेड (स्पीकर नसलेला अँप) किलोच्या आत. जाहिरातीत मात्र दोघांचंही कौतुक व्हॉल्व्हच्या आवाजासाठीच होतं. म्हणून नवा गिटारवादक ‘यात व्हॉल्व्ह आहे ना?’ एवढंच विचारतो आणि तिथेच चुकतो. विचारायला हवं ते हे, की व्हॉल्व्ह कोणत्या टप्प्यात आहे? अँप किती जोरात वाजवल्यावर खुलेल, स्पीकर न जोडता चालू केला तर काय होईल, दर एक-दोन वर्षांनी खर्च निघेल का, लोकलमधून नेता येईल का, हे सगळं त्या उत्तरावर ठरतं.

आत काय चालतं

गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल अगदी क्षीण असतो, साधारण काही दहा ते काही शे मिलिव्होल्ट. प्रीअँप तो वाढवतो, मधल्या टोन नॉब्समधून तो जातो आणि शेवटी पॉवर अँप त्याला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो. पूर्ण व्हॉल्व्ह अँपमध्ये ही सगळी कामं व्हॉल्व्ह करतात. डीलक्स रिव्हर्बमध्ये चार १२एएक्स७ आणि दोन १२एटी७ हे छोटे व्हॉल्व्ह, पॉवरसाठी दोन ६व्ही६ आणि रेक्टिफायरचा, म्हणजे एसी विजेचं डीसी करणारा, एक ५एआर४ असतो. ताकद २२ वॉट.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ज्या आवाजासाठी लोक व्हॉल्व्ह अँप घेतात, त्यातला मोठा वाटा प्रीअँपच्या छोट्या व्हॉल्व्हचा नसतो. पॉवर व्हॉल्व्ह, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर हे त्रिकूट ताणलं गेलं की आवाज हळूहळू फाटू लागतो, कडा गोल राहतात आणि बोटांचा जोर कमी केला की लगेच स्वच्छ होतो. रेक्टिफायरही व्हॉल्व्हचा असेल तर तारा जोरात छेडल्यावर आतलं व्होल्टेज क्षणभर खाली येतं, स्वर दबतो आणि मग फुलतो. हा ‘सॅग’ ब्लूज वाजवणाऱ्याला हवाहवासा वाटतो, तर वेगवान मेटल रिफ वाजवणाऱ्याला तोच गढूळ वाटतो.

हायब्रिडचे तीन प्रकार

काही काम व्हॉल्व्हने आणि उरलेलं ट्रान्झिस्टरने किंवा डिजिटल सर्किटने करणारा अँप तो हायब्रिड, पण या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिला प्रकार म्हणजे पुढे व्हॉल्व्ह, मागे ट्रान्झिस्टर. मार्शलने १९९१ मध्ये आणलेली व्हॉल्व्हस्टेट मालिका या घराण्याची. मायक्रो टेरर इथलाच: प्रीअँपमध्ये एक १२एएक्स७, मागे २० वॉटचा ट्रान्झिस्टर पॉवर अँप. व्हॉक्सचा एमव्ही-५० सुद्धा इथेच येतो, पण त्यात काचेच्या नळीऐवजी न्यूट्यूब आहे. कोर्ग आणि नोरिताके या जपानी कंपन्यांनी मिळून केलेला हा चपटा व्हॉल्व्ह २०१५ मध्ये जाहीर झाला. त्यामागचं तंत्र मायक्रोवेव्ह किंवा जुन्या डेकवर दिसणाऱ्या निळसर-हिरव्या चमकत्या डिस्प्लेचं.

दुसरा प्रकार याच्या बरोबर उलट: पुढे ट्रान्झिस्टर किंवा डिजिटल, मागे व्हॉल्व्ह. म्युझिक मॅनच्या १९७० च्या दशकातल्या अँपची रचना अशी होती. अलीकडचं उदाहरण फेंडर सुपर चॅम्प एक्स-२. पुढे डिजिटल मॉडेलिंग (वेगवेगळ्या अँपच्या आवाजांची नक्कल), मागे दोन ६व्ही६ आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर. १५ वॉट, १० इंची स्पीकर, वजन सुमारे ११ किलो.

तिसरा प्रकार व्हॉक्सच्या २००१ च्या व्हॅल्व्हट्रॉनिक्सने रूढ केला. त्यात १२एएक्स७ ला इवल्याशा पॉवर अँपसारखं राबवतात आणि तिथे तयार झालेला आवाज पुढे ट्रान्झिस्टरने मोठा करतात.

आमच्या मते दुसरा प्रकार सर्वांत दुर्लक्षित आहे. बोटांना जाणवणारा व्हॉल्व्हचा प्रतिसाद मागच्या टप्प्यातून येतो आणि या प्रकारात तो टप्पा खरा असतो. देखभालही मात्र पूर्ण व्हॉल्व्ह अँपसारखीच करावी लागते, हे विसरू नका.

पहिल्या प्रकारात घेण्याआधी एक तपासणी करा. १२एएक्स७ ला नीट काम करायला प्लेटवर, म्हणजे आतल्या धातूच्या पत्र्यावर, शे-दीडशे व्होल्ट तरी लागतात. काही स्वस्त अँपमध्ये त्याला जेमतेम १२ ते ५० व्होल्ट मिळतात. अशा उपाशी व्हॉल्व्हमधून आवाज थोडा खरबरीत होतो, एवढंच. बऱ्याचदा त्याच्या खाली केशरी एलईडी लावलेला असतो, म्हणून तो छान तेवताना दिसतो. सर्किटचा नकाशा मिळाला तर प्लेट व्होल्टेज पाहा. न्यूट्यूबला हा नियम लागू नाही, तो मुळातच ५ ते ८० व्होल्टवर चालण्यासाठी बनवलेला आहे.

आणि ज्यात एकही व्हॉल्व्ह नाही त्याला हायब्रिड समजू नका. फेंडरचा २०१९ चा टोन मास्टर डीलक्स रिव्हर्ब दिसायला हुबेहूब जुन्यासारखा असला तरी आतून पूर्ण डिजिटल आहे. चांगला अँप आहे, पण या लेखाच्या विषयाबाहेरचा.

पायरी पहिली: डेसिबलचा हिशेब मांडा

वॉट दुप्पट झाले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. थोडक्यात, १५ आणि ३० वॉटच्या अँपमध्ये ऐकू येणारा फरक किरकोळ आहे. त्यापेक्षा स्पीकर बदलल्याने जास्त फरक पडतो. सेलेस्टियनच्या ग्रीनबॅक स्पीकरची संवेदनशीलता ९८ डेसिबल आहे, व्हिंटेज-३० ची १००.

१०० डेसिबलच्या स्पीकरला १ वॉट दिला तर एक मीटरवर १०० डेसिबल मिळतात. १५ वॉटला जवळपास ११२. निवासी भागातली कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. भिंती-दारं काही आवाज अडवतात हे धरूनसुद्धा पॉवर व्हॉल्व्ह फाटेपर्यंत १५ वॉटचा अँप फ्लॅटमध्ये वाजवता येत नाही. ५ वॉटचाही नाही. ५ वॉट म्हणजे १०७ डेसिबल.

यावर उपाय म्हणजे अँप आणि स्पीकरच्या मध्ये बसणारा अटेन्युएटर. तो १५ वॉटचे ०.१५ वॉट करतो, म्हणजे २० डेसिबल कमी. तरीही ९२ उरतात. निव्वळ रेझिस्टरचा अटेन्युएटर १० डेसिबलच्या पुढे आवाज मऊ, निस्तेज करतो. कॉइल असलेला रिअ‍ॅक्टिव्ह प्रकार महाग पण बरा. त्याची क्षमता अँपच्या वॉटच्या किमान दुप्पट घ्या, कारण पूर्ण फाटलेला अँप लिहिलेल्यापेक्षा बरेच जास्त वॉट देतो. आवाज कमी झाला तरी व्हॉल्व्हची झीज पूर्ण वेगाने चालूच राहते.

म्हणून वाजवणं नव्वद टक्के घरात होणार असेल तर पहिल्या प्रकारचा हायब्रिड घ्या. त्याचा रंग प्रीअँपमध्येच तयार होतो आणि हळू आवाजातही टिकतो.

पायरी दुसरी: बँडसोबत किती वॉट

ड्रमसोबत वाजवायला १५ ते २२ वॉटचा पूर्ण व्हॉल्व्ह अँप आणि चांगला १२ इंची स्पीकर पुरतो. स्टेज मोठं असेल तर पुढे माइक लावतातच. ट्रान्झिस्टर पॉवर अँपला हाच हिशेब लावू नका. व्हॉल्व्ह अँप मर्यादेपलीकडे गेला तरी गोड फाटतो, म्हणून ती शेवटची ताकदही वापरता येते. ट्रान्झिस्टर मर्यादेला धडकला की आवाज कापल्यासारखा तुटतो, म्हणून त्याला नेहमी मोकळी जागा लागते. पहिल्या प्रकारच्या हायब्रिडमध्ये निदान ५० वॉट धरा, आणि ते किती ओहमच्या स्पीकरवर मिळतात तेही पाहा (ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युत अवरोध). एमव्ही-५० चे ५० वॉट ४ ओहमवर आहेत. ८ ओहमचं कॅबिनेट (स्पीकरची पेटी) लावलं तर २५, १६ ओहमवर साडेबारा. बँडमध्ये आवाज दबतो अशी तक्रार करणाऱ्या बऱ्याच जणांनी १६ ओहमचं कॅबिनेट लावलेलं असतं.

पायरी तिसरी: दुकानातली चाचणी

स्वतःची गिटार, स्वतःची केबल आणि नेहमीचं एक ओव्हरड्राइव्ह पेडल न्या. दोन अँप तुलनेला घ्या आणि क्रम मोडू नका.

१. दोन्हींचा आवाज सारखा करा. मोबाइलवरचं ध्वनिमापक अ‍ॅप एक मीटरवर ठेवून एकच कॉर्ड वाजवा. १ डेसिबलच्या आत आणा. हे टाळलं तर जो जरा मोठा तो चांगला वाटतो, आणि बहुतेक चुकीच्या खरेदी इथेच होतात.

२. काही न जोडता आवाज मध्यावर ठेवून ऐका. बारीक फुसफुस चालते. जाड गुणगुण असेल तर नोंद करा.

३. व्हॉल्यूम घड्याळाच्या नऊ, बारा आणि तीनच्या काट्यावर ठेवून तोच तुकडा वाजवा. पूर्ण व्हॉल्व्ह अँपचा स्वभाव प्रत्येक वेळी बदलतो. पहिल्या प्रकारच्या हायब्रिडमध्ये स्वभाव गेन नॉबने (प्रीअँपच्या) बदलतो, मास्टरने (शेवटच्या आवाजाच्या नॉबने) जवळपास नाही.

४. अँप फाटत असताना गिटारचा व्हॉल्यूम दहावरून चारवर आणा. आवाज स्वच्छ व्हायला हवा आणि चमक टिकायला हवी. नुसता बारीक आणि बोथट झाला तर पुढे तुम्हीच कंटाळाल.

५. एक स्वर धरून विरेपर्यंत ऐका. शेवटी फरफर, किंवा स्वराच्या मागे भुतासारखा दुसरा स्वर ऐकू आला तर घेऊ नका.

६. जाड ई तार जोरात वाजवा. कॅबिनेट, व्हॉल्व्हचे पिंजरे, जाळी यांची खडखड इथे कळते.

७. अर्धा तास चालू ठेवून पुन्हा ऐका. तापल्यावर येणारे दोष थंड अँपमध्ये दिसत नाहीत.

पायरी चौथी: ओहम

इथली चूक सर्वांत महाग पडते, म्हणून थांबून वाचा. मागे व्हॉल्व्ह असेल तर स्पीकर न जोडता अँप कधीच वाजवायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला भार मिळाला नाही की त्याच्या प्राथमिक गुंडाळीवर प्रचंड व्होल्टेज उसळतं, सॉकेटवर ठिणगी पडते किंवा गुंडाळीच जळते. मागे ट्रान्झिस्टर असेल तर उलट: स्पीकर नसला तरी सहसा बिघडत नाही, पण लिहिलेल्या किमान ओहमच्या खाली गेलात किंवा तारा एकमेकींना टेकल्या की पॉवर अँप जातो.

८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की ४ ओहम होतात. व्हॉल्व्ह अँपच्या मागचा ओहम निवडायचा खटका ४ वर फिरवा. पहिल्या प्रकारच्या हायब्रिडची किमान मर्यादा ८ असेल तर दुसरं कॅबिनेट लावू नका. आणि स्पीकरला गिटारची केबल कधी वापरू नका. तिची आतली तार बारीक असते, ती तापते आणि वितळून जोड तुटतो किंवा शॉर्ट होतो. दीड चौरस मिलिमीटरची साधी दोन तारांची वायर हवी.

पायरी पाचवी: वीज आणि पावसाळा

अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून आणलेला अँप १२० व्होल्टचा असू शकतो. आपल्या २३० च्या प्लगमध्ये घातला की काही क्षणांत फ्यूज उडतो, नशीब खराब असेल तर ट्रान्सफॉर्मरही. आत २३० ची जोडणी आहे का ते मागच्या पट्टीवर पाहा, नसेल तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या. अँपच्या पट्टीवरच्या वॉटच्या निदान दीडपट क्षमतेचा. फक्त ६० हर्ट्झसाठी बनलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो, तेव्हा पहिले काही दिवस तासाभराने हात लावून पाहा. बरेच हायब्रिड १०० ते २४० व्होल्ट घेणाऱ्या अडॅप्टरवर चालतात, त्यांना हा प्रश्न नाही.

मंडपातल्या जनरेटरवर अँप लावण्याआधी मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि न्यूट्रल-अर्थ मोजा. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय गिटार हातात धरू नका, विशेषतः समोर माइक असेल तर. गुणगुण घालवण्यासाठी अर्थची पिन कापणं जिवावर बेततं. व्हॉल्व्हचा फिलामेंट (आतली तापणारी तार) ६.३ व्होल्टचा असतो आणि १० टक्के इकडे-तिकडे सहन करतो. घरात वीज २५५ पर्यंत चढत असेल तर स्टॅबिलायझर लावा. घरचा इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा नसेल तर त्यावर व्हॉल्व्ह अँप चालवू नका, ट्रान्सफॉर्मर घरघरतो आणि तापतो.

मुंबई, कोकण, गोव्यात जून ते सप्टेंबर हा अँपचा कसोटीचा काळ. सॉकेट आणि जॅकवर गंज धरतो, खरखर सुरू होते. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू ठेवा, आतली ऊबच ओल घालवते. एसी खोलीतून दमट हवेत नेल्यावर वीस मिनिटं थांबून मग चालू करा.

पायरी सहावी: काय बिघडतं

नियमित कार्यक्रम करणाऱ्याचे पॉवर व्हॉल्व्ह एक ते दोन वर्षं टिकतात, प्रीअँपचे कितीतरी जास्त. नवे व्हॉल्व्ह प्रामुख्याने स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात. २०२२ मध्ये रशियाची निर्यात अडली तेव्हा भाव चढले आणि माल मिळेना. तेव्हापासून एक जोडी घरात राखून ठेवणं शहाणपणाचं ठरलंय. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एकेकाळी बनवलेले ईसीसी-८३ जुन्या साठ्यात अजून भेटतात. १२एएक्स७ चंच ते युरोपीय नाव, घ्यायला हरकत नाही, मात्र टेस्टरवर मोजून.

प्रीअँपचा व्हॉल्व्ह तुम्ही स्वतः बदलू शकता. अँप बंद करा, प्लग काढा, पंधरा मिनिटं थंड होऊ द्या. धातूची टोपी दाबून फिरवून काढा, व्हॉल्व्ह किंचित डोलवत सरळ खाली ओढा. नवा बसवताना नऊ पिनांमधली रिकामी जागा जुळवा. दोष कुठल्या व्हॉल्व्हमध्ये आहे ते शोधायला अँप चालू असताना पेन्सिलच्या रबराच्या टोकाने एकेकाला हलकं टिचकवा. जो घंटेसारखा वाजेल तो बदला.

पॉवर व्हॉल्व्हचं प्रकरण वेगळं. व्हॉल्व्हमधून किती प्रवाह वाहावा याची जुळणी म्हणजे बायस. व्हॉक्स एसी-१५ सारख्या कॅथोड-बायस अँपमध्ये ती आपोआप होते, ईएल-८४ ची जुळवलेली जोडी बसवली की झालं. फिक्स्ड बायस अँपमध्ये प्रवाह जुळवावा लागतो. ईएल-३४ या पॉवर व्हॉल्व्हची मर्यादा २५ वॉट, त्याच्या ७० टक्के म्हणजे १७.५. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर दर व्हॉल्व्हमागे जास्तीत जास्त ३९ मिलिअँपिअर. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर चारशेच्या वर व्होल्ट धरून बसतात आणि माणूस मरू शकतो.

लक्षणं ओळखायला शिका. पॉवर व्हॉल्व्हची राखाडी प्लेट लालबुंद झाली तर त्याच क्षणी अँप बंद करा, बायस गेलाय. वरची चंदेरी झिलई दुधाळ पांढरी झाली म्हणजे आत हवा शिरली. काचेवरची निळसर आभा मात्र निरुपद्रवी. १०० हर्ट्झची जाड गुणगुण म्हणजे फिल्टर कपॅसिटर म्हातारे झाले, पंधरा-वीस वर्षांत ते होतातच. ५० हर्ट्झची असेल तर अर्थिंग किंवा फिलामेंटची वायरिंग बघा. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा घालू नका, बहुधा एखादा पॉवर व्हॉल्व्ह आतून शॉर्ट झालाय.

हायब्रिडमध्ये व्हॉल्व्ह क्वचितच जातो. न्यूट्यूबचं आयुष्य कोर्ग ३०,००० तास सांगते. जातं ते पॉवर मॉड्यूल, अडॅप्टर किंवा बोर्डावर थेट डकवलेला जॅक. सुटे भाग इतके बारीक असतात की बहुतेक वेळा अख्खा बोर्डच बदलावा लागतो, आणि तो दहा वर्षांनी मिळेलच असं नाही. डीलक्स रिव्हर्बचं मूळ सर्किट १९६३ चं आहे, त्याचा प्रत्येक भाग आजही मिळतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर रेझिस्टर-कपॅसिटर सहज सापडतात, फक्त कपॅसिटर ५०० व्होल्टचे मागा.

मग घ्यायचा कोणता

पेडलवर सगळा आवाज बांधणाऱ्याला स्वच्छ, भरपूर हेडरूमचा (न फाटता मोठा वाजणारा) अँप लागतो. त्याला डीलक्स रिव्हर्बसारखा पूर्ण व्हॉल्व्ह उत्तम, पण पहिल्या प्रकारचा हायब्रिडही पंचाऐंशी टक्के काम करतो. गिटारच्या नॉबवरून आवाज वळवणाऱ्या, पेडल जवळजवळ न वापरणाऱ्याने तडजोड करू नये: पूर्ण व्हॉल्व्ह घ्यावा, १५ वॉटच्या आसपासचा. कव्हर बँडमध्ये एका रात्रीत पाच प्रकारचे आवाज लागत असतील तर दुसऱ्या प्रकारचा. रोज रिक्षा-लोकलने तालमीला जाणाऱ्याने आणि तिथे कॅबिनेट असेल त्याने पहिल्या प्रकारचा हेड पिशवीत टाकावा.

पूर्ण व्हॉल्व्ह घेतलात तर त्याच दिवशी बरोबर घ्या: पॉवर व्हॉल्व्हची एक जुळवलेली जोडी, एक १२एएक्स७, पट्टीवर लिहिलेल्याच अँपिअरचे दोन ‘टी’ खुणेचे हळू उडणारे फ्यूज, एक जाड स्पीकर केबल आणि छोटा टॉर्च. कार्यक्रम संपल्यावर आवराआवरीत शेवटी अँप उचला. गरम फिलामेंट धक्क्याने तुटतो, त्याला पंधरा मिनिटं निवांत द्या.